पॅटर्नचा बाप

परवा शुक्रवारची संध्याकाळ. अख्खं हापिस लॅपटॉप बॅगेत कोंबून, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये स्वतःला कोंबून घ्यायच्या तयारीत. अशा मोक्याच्या वेळी आमच्या लीडने माझ्या कोडवर एका ओळीचा शेरा मारला : 'पॅटर्न पाळलेला नाही.' बास. कुठला पॅटर्न, कुठे पाळला नाही, काही नाही. मी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या, तेवढ्यात नांदेडहून काकांचा फोन.

"तुझ्या भावाचा दहावीचा निकाल लागलाय. चांगले पडलेत मार्क. आता तू सांग, लातूरला टाकावं का हितंच ठेवावं? सगळे लातूर पॅटर्न, लातूर पॅटर्न करायलेत. तू त्याच्यातून गेलायस, तुला म्हाईत."

रविवारपर्यंत सांगतो, म्हणून मी फोन ठेवला. पण डोक्यात तो शब्द अडकला तो अडकलाच. दहा मिनिटांत दोन माणसांनी माझ्यावर एकच शब्द फेकला होता, आणि दोघांनाही त्यातून बहुधा एकच म्हणायचं होतं : ठरलेल्या रेषेवरून चाल.

हा शब्द मराठीत किती मुरलाय बघा. परीक्षेचा पॅटर्न बदलतो. गल्लीतल्या एखाद्या नगाबद्दल 'त्याचा पॅटर्नच वेगळाय' असं कौतुकाने म्हणतात. २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' नावाचा सिनेमा आला, तेव्हा त्या नावाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. साचा, नमुना, आकृतिबंध हे सगळे मराठी शब्द मी लावून पाहिले. 'लातूर आकृतिबंध' असं एकदा मोठ्याने म्हणून बघा. कुणी ॲडमिशन घेईल का? असो. तर वीकांताला कपडे धुवायचे सोडून मी डिक्शनऱ्या उपसत बसलो.

पहिलाच धक्का असा की, इंग्रजीत 'पॅटर्न' असा वेगळा शब्दच मुळात नव्हता. होता तो 'पेट्रन'. आश्रयदाता, कैवारी, देणगीदारांच्या यादीत सगळ्यात वर ज्याचं नाव असतं तो पेट्रन. पॅटर्न आणि पेट्रन हे दोन शब्द नाहीत, एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. चौदाव्या शतकात हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा आश्रयदाता आणि नमुना हे दोन्ही अर्थ एकाच 'पेट्रन'मध्ये गुण्यागोविंदाने नांदत होते. चॉसरने एका स्त्रीच्या सौंदर्याला नमुना म्हणताना हाच शब्द वापरलाय.

फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. मूळ शब्द 'पॅट्रोनस'. रोममध्ये वजनदार घरातला माणूस आपल्या आसऱ्याला असलेल्या लोकांचा पॅट्रोनस असायचा. कोर्टकचेरीत त्यांची बाजू मांडणार, अडीअडचणीला मदत करणार, आणि बदल्यात त्यांनी याच्या मागे उभं राहायचं. मालकाने गुलामाला मुक्त केलं तर तो जुना मालकही त्याचा पॅट्रोनस होई. आता यातली गंमत ऐका. या आसऱ्याला असलेल्या माणसाला लॅटिनमध्ये म्हणत 'क्लिएन्स'. म्हणजे आपला क्लायंट! रोममधला क्लायंट रोज सकाळी उठून पॅट्रोनसच्या दारात हजेरी लावायला जायचा. आमच्याकडे हे बरोब्बर उलटं झालंय. क्लायंट तिकडे निवांत झोपेतून उठतो आणि इकडे आम्ही रात्री साडेनऊच्या कॉलवर हजेरी लावतो. दोन हजार वर्षांत कुणीतरी पॉइंटर उलटा फिरवला असावा.

बरं, पॅट्रोनस कुठून आला? 'पेटर'पासून. पेटर म्हणजे बाप. आणि हा बाप आपल्या घरातलाच निघाला. संस्कृत पितृ, फारसी पिदर, लॅटिन पेटर, इंग्रजी फादर ही सगळी सख्खी भावंडं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात मांडलं. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिमने (हो, परीकथांवाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरला) दाखवून दिलं की, जुन्या 'प'चा जर्मानिक भाषांमध्ये नियमाने 'फ' होतो. पाद-फूट, पंच-फाइव्ह, पितृ-फादर. एकदम रेग्युलर एक्स्प्रेशन! याच पेटरपासून पोर्तुगीज 'पाद्रे' आणि त्यावरून आपला पाद्री. ज्युपिटर म्हणजे आपला द्यौष्पितर, आकाशबाप. आणि ऑनसाइटला जाऊन बसलेले आमचे मित्र स्वतःला 'एक्स्पॅट' म्हणवतात, त्याचा मूळ अर्थ बापाच्या भूमीबाहेर गेलेला. (हे त्यांना सांगितलं तर व्हॉट्सॲप ग्रुपवर उगाच वातावरण हळवं होईल, म्हणून सांगितलेलं नाही.)

मग आश्रयदात्याचा नमुना कसा झाला? तर ज्याच्या आसऱ्याला राहायचं त्याच्याकडे बघून वागायचं, त्याचा कित्ता गिरवायचा. बाप करतो तसं पोर करतं. त्यावरून ज्याच्याकडे बघून दुसरी वस्तू बनवायची, ती वस्तूही पेट्रनच. पुढे सोळाव्या शतकात लोकांच्या जिभेवर 'र'ची जागा सरकली. आपल्याकडे मतलबचं मतबल होतं, सिग्नलचा सिंगल होतो, शाळेतल्या डेस्कचा डेक्स होतो, तसंच. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. उच्चार बदलला, मग स्पेलिंगही त्याच्या मागे गेलं, आणि १७०० च्या सुमारास वाटण्या झाल्या : माणसासाठी पेट्रन, वस्तूसाठी पॅटर्न. बाप एकीकडे राहिला आणि साचा दुसरीकडे गेला.

फ्रेंचमध्ये मात्र ही वाटणी झालीच नाही. तिथे आजही 'पात्रों' म्हणजे मालक, आणि शिंप्याचा कापड बेतायचा कागदी नमुना म्हणजेसुद्धा 'पात्रों'. हे वाचलं आणि मी लॅपटॉप बाजूला ठेवला. कारण माझे वडील शिंपी आहेत.

आमच्या दुकानात खिळ्याला खाकी कागदाच्या कापलेल्या आकृत्या लटकलेल्या असतात. बाही, कॉलर, पाठ, खिसा. अण्णा त्यांना फर्मा म्हणतात. लहानपणी ते लटकणारे फर्मे मला माणसं वाळत घातल्यासारखे दिसायचे. अण्णा शिवण शिकले इतवाऱ्यातल्या एका उस्तादांकडे. उस्ताद अस्सल दखनी बोलायचे. अण्णा त्यांचं एक वाक्य अजून सांगतात : "बाप के नाप से बेटे का कपडा नक्को काटो." थोरल्याचा शर्ट उसवून धाकट्याला मारून मुटकून बसवायला आणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी होतं ते. उस्तादांना लॅटिन येत नव्हतं, पण पॅट्रोनसच्या सगळ्या इतिहासावर यापेक्षा नेमकं भाष्य मला अजून सापडलेलं नाही.

आता लातूरकडे वळतो, कारण काकांना उत्तर द्यायचंय.

लातूर पॅटर्न म्हणजे आज लोकांच्या डोळ्यांपुढे येतात ते क्लासचे फ्लेक्स आणि त्यावरचे पासपोर्ट साइज टॉपर. पण सुरुवात तशी नव्हती. लातूर १९८२ मध्ये जिल्हा झाला, त्याआधी ते उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मोठ्या शहरांमधली पोरं पुढे आणि मराठवाड्यातली मागे, हे जणू ठरलेलंच. ते मोडायचं म्हणून इथल्या कॉलेजांमधल्या मास्तरांनी जोर लावला. पोर्शन लवकर संपवायचा, जादा तास घ्यायचे, सराव परीक्षांवर सराव परीक्षा, चुकलेलं पुन्हा शिकवायचं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं दिसायला लागली आणि महाराष्ट्राने याला पॅटर्न म्हटलं. या कामाशी जे नाव सगळ्यात जास्त जोडलं जातं ते डॉ. जनार्दन वाघमारे यांचं. १९७० मध्ये सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते संस्थापक प्राचार्य. पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. म्हणजे मूळ पॅटर्नमध्ये दोन्ही अर्थ एकत्र होते. पद्धत होती, आणि त्या पद्धतीच्या मागे पोरांची काळजी वाहणारी माणसंही होती. नंतर पद्धत विकत मिळायला लागली. आज नांदेडलाही तेच, नीटच्या क्लासनी अख्खी नगरं भरलीत. इंग्रजीत १७०० च्या सुमारास झालेली वाटणी आमच्याकडे जरा उशिरा झाली, एवढंच.

मी लातूरला होतो २०१४ ते २०१६. ट्यूशन एरियात कॉट बेसिसवर एका रूममध्ये चौघं. पहाटे पाचला उठायचं, क्लास, कॉलेजचं प्रॅक्टिकल, डबा, क्लास, अभ्यास. भिंतीवर टाइमटेबल चिकटवलेलं, त्यात आंघोळीलासुद्धा दहा मिनिटं दिलेली. आमच्या क्लासमध्ये टेस्टच्या मार्कांप्रमाणे बॅच बदलायची. मी दोन वर्षांत खालच्या बॅचमधून वर आणि वरून खाली असा लिफ्टसारखा फिरलो. अण्णांना मला डॉक्टर करायचं होतं. मला काय व्हायचं होतं, हे टाइमटेबलमध्ये नव्हतं.

२०१६ चा उन्हाळा आठवतोय ना? लातूरच्या पाण्याचा विषय देशभर गाजला होता. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिण्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. टीव्हीवाल्यांची झुंबड. आमच्या परीक्षा तोंडावर, आणि त्यात त्या वर्षी मेडिकलला नीट लागणार की सीईटी, यावरून शेवटपर्यंत गोंधळ. रूममालकाने पाणी मोजून द्यायला सुरुवात केली. पोरं आंघोळ विसरली. त्या दहा मिनिटांत ऑरगॅनिकच्या दोन रिॲक्शन व्हायला लागल्या.

मग अण्णा दर रविवारी नांदेडहून यायला लागले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत चार तासांची एसटी. एका हातात धपाट्यांची पिशवी, आणि दुसऱ्या हातात पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन. नांदेडला तरी कुठे त्या वर्षी गोदावरी दुथडी भरून वाहत होती, पण आणायचे. कॅनची मूठ हाताला रुतते म्हणून तिला कापडाची चिंधी गुंडाळून टाके घातलेले. आले की तासभर बसायचे. काय बोलावं ते त्यांना कळायचं नाही, मलाही नाही. ते माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघत बसायचे, एखादं सैल झालेलं दिसलं की खिशातनं सुईदोरा काढायचे.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी बोललो. "अण्णा, तुम्ही येत नका जाऊ. माझे दोन तास जातेत."

ते "बरं" म्हणाले. डब्याची पिशवी घडी करून खिशात घातली आणि गेले.

पुढच्या रविवारपासून ते आले नाहीत. दर रविवारी जिन्यात दोन भरलेले कॅन मात्र असायचे. मी समजलो, रूममालकाचा पोरगा टँकरवरून भरून ठेवतो. रूम सोडायच्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, "तुझे वडील येत होते की रे दर आयतवारी. गेटाजवळच कॅन देऊन रिकामे घेऊन जायचे. पोराला सांगू नका, त्येचा टाइम जातोय म्हणायचे."

आठ तासांचा प्रवास, गेटपर्यंत. आणि मुठीला गुंडाळलेली चिंधी, त्यावरचे अण्णांचे टाके, हे मी प्रत्येक रविवारी हातात धरत होतो. दिसत होतं, पण कळत नव्हतं. पॅटर्न रेकग्निशन म्हणतात ते हेच असावं, आणि त्यात मला सपशेल भोपळा.

मेडिकलचा नंबर लागला नाही. नांदेडलाच इंजिनीअरिंगला गेलो, मग पुणे, मग ही नोकरी. आठ-नऊ वर्षं मी मनात धरून होतो की, अण्णांनी माझं कापड स्वतःच्या फर्म्यावर ठेवून कापायला घेतलं आणि ते फसलं. त्या रविवारांबद्दल मी त्यांच्याशी कधीच बोललो नाही, त्यांनीही विषय काढला नाही. मला माहीत आहे, हेही त्यांना माहीत नव्हतं.

हापिसातल्या त्या शेऱ्याचंही जरा सांगतो. आमच्या धंद्यात पॅटर्न शब्द आला तो एका आर्किटेक्टकडून, खऱ्याखुऱ्या, घरं बांधणाऱ्या. ख्रिस्तोफर अलेक्झांडर नाव. त्याने सहकाऱ्यांबरोबर १९७७ मध्ये 'अ पॅटर्न लँग्वेज' हे पुस्तक काढलं. त्यात गावापासून घरातल्या खिडकीपर्यंत २५३ पॅटर्न आहेत. त्यावरून स्फूर्ती घेऊन १९९४ मध्ये चौघांनी आमचं ते २३ डिझाइन पॅटर्न्सचं पुस्तक लिहिलं, जे इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री सगळे वाचतात. अलेक्झांडरचं म्हणणं थोडक्यात असं : पॅटर्न म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणीच्या उत्तराचा गाभा. तो गाभा घेऊन प्रत्येकाने आपल्या जागेप्रमाणे बांधायचं, म्हणजे कोणतीही दोन घरं एकसारखी होणार नाहीत. म्हणजे छापाचे गणपती काढणं हा पॅटर्नचा अर्थ त्यालाही मान्य नव्हता. आमच्या लीडला हे सोमवारी सांगायचं आहे. (माझा कोड खरंच गचाळ होता, ते आधी दुरुस्त करून.)

रविवारी सकाळी काकांच्या आधी अण्णांना फोन लावला. पॅटर्नची सगळी कथा सांगितली. रोम, गुलाम, पितृ, पिदर, फ्रेंच शिंपी. पलीकडे मशीनचा आवाज थांबला.

"म्हंजे फर्म्याला बाप म्हणायलेत व्हय तिकडं?" अण्णा हसायला लागले.

"तसंच काहीतरी."

"पण एक सांगू का, माया फर्म्यात नसती बघ."

शिवणकाम न करणाऱ्यांसाठी : शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. उद्या अंग भरलं, उंची वाढली, तर उसवून मोठं करता यावं म्हणून. माझा पहिला इंटरव्ह्यूचा शर्ट अण्णांनीच शिवला होता. पुण्यातल्या मेसने माझं जे काही केलं त्यानंतर तो दोनदा सैल करून झालाय, अजून घालतो.

"फर्मा नुसता माप दाखवतो," अण्णा सांगत होते. "माया कापणाऱ्यानं सोडायची असती. नाही सोडली तर कापड वाचतंय, पण मग कपडा वाढत नाही. आन् कपडा एकदा कापला की मागून माया लावता येत नाही."

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग म्हटलं, "अण्णा, लातूरला त्या उन्हाळ्यात कॅन तुम्हीच आणत होतात. मला माहितीय."

"कोण सांगितलं?"

"मालकीणबाईंनी. तेव्हाच."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "त्यो अहमदपूरचा कंडक्टर लई खडूस होता. पाण्याच्या कॅनला लगेजचं तिकीट मागायचा. मी म्हणायचो, अरं, पाणी हाय, सामान थोडंच हाय." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मग काकांना फोन केला. म्हटलं, लातूरला टाका नाहीतर नांदेडलाच ठेवा, दोन्हीकडे शिकवतात चांगलं. पण आधी त्याला काय व्हायचंय ते एकदा विचारा. दोन वर्षांचं टाइमटेबल काठोकाठ भरू नका, थोडी माया सोडा. आणि दर रविवारी भेटायला जा. तो नको म्हणेल. तरी जा, आणि गेटावरून परत येऊ नका, वर जाऊन बसा.

काका म्हणाले, "ते ठीकाय रे. पण लातूर का नांदेड ते सांग की."